डबा बंद, तरी ओ देतो

हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरात टीव्हीशेजारी एक डबा होता. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून जुने सुटे भाग आणून जोडलेला कॉम्प्युटरच तो, पण त्याला ना स्क्रीन ना कीबोर्ड. काम एकच, साठवणं. आमच्या पाणी समितीचे सगळे फोटो त्याच्या पोटात होते. कोरडे नळ, हंड्यांच्या रांगा, रस्त्यात फुटलेला पाइप. जवळच जांभूळला पाणी शुद्ध करायचं एवढं मोठं केंद्र उभं आणि आमच्या नळाला नुसता वारा, हे पत्रकांत लिहून लिहून मी दमलो होतो. सोमवारी पाण्याचे साहेब पाहणीला येणार होते. त्यांच्यापुढे पत्रक नाही, फोटो ठेवायचे, असं आईने ठरवलं होतं. रांगेतल्या बायकांची पुढारी तीच. कॅमेरा उसना होता, तो रिकामा करून परत दिलेला. म्हणजे फोटो होते ते फक्त डब्यात.

आणि रविवारी सकाळी डबा उघडेना.

बिल्डिंगमधल्या चार घरांनी मिळून इंटरनेटचं एक कनेक्शन घेतलं होतं. जिन्यात स्विच होता, म्हणजे वायरी जोडायची छोटी पेटी, तिच्यातून घरोघर वायरी गेल्या होत्या. त्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला आपापला नंबर. माझ्या कॉम्प्युटरवर डब्याचा नंबर टाकला की फोल्डर उघडायचं. आज ‘सापडत नाही’ म्हणत होतं. वायर काढून घातली, बदलली, स्विच बंद करून चालू केला. मध्येच फोल्डर उघडलं, हंड्यासकट आईचा अर्धा फोटो आला आणि तिथंच अडकला.

“काय रे, साहेब उद्या येतायत,” आई म्हणाली. “पुढच्या उन्हाळ्यात नाही.”

मी पिंग लावलं. म्हणजे त्या नंबराला हाक मारायची, आहेस का? उत्तर येत होतं.

“आहे म्हणतोय,” मी म्हणालो.

“आहे तर दार का उघडत नाही? वसुलीवाला आलाय का?”

चिडून मी डब्याची पिनच उपटली. दिवा विझला, पंखा थांबला. आणि स्क्रीनवर उत्तर येतच राहिलं. आहे, आहे, आहे.

मेलेला माणूस ओ देतोय म्हटल्यावर काय करायचं असतं, हे कुठल्याच शिबिरात शिकवलं नव्हतं. मला सुचलं ते एकच. इंटरनेटची लाइन नगरसेवकाच्या भाच्याची. कोणीतरी आमच्या वायरीत शिरून बसलंय. ‘पाणी पळवलं, आता पुरावेही पळवणार काय?’ असा मथळासुद्धा डोक्यात तयार झाला.

भाच्याच्या ऑफिसवर जायच्या आधी एक खात्री करायची होती. आईला स्क्रीनपुढे बसवलं, घराचं दार उघडं ठेवलं आणि जिन्यात जाऊन स्विचमधल्या दुसऱ्या घरांच्या वायरी एकेक करून काढू लागलो.

“अजून आहे म्हणतोय,” आतून आई.

दुसरी काढली.

“गप्प बसला.”

ती वायर वरच्या मजल्यावर जात होती. काकांकडे. काका अंबरनाथला कारखान्यात होते, आमच्या समितीचे खजिनदार, मोर्च्यात पोलिसांपुढे पहिले उभे राहणारे. मला काहीच कळेना. फितुरी म्हणावी तर माणूस हा.

तेवढ्यात काकाच वरून डोकावले. “इंटरनेट कोणी मारलं रे?”

मी वर गेलो. त्यांच्याकडे नवा कोरा कॉम्प्युटर होता, हारसुद्धा सुकला नव्हता.

“काका, ह्याला नंबर काय दिलाय?”

“लावणारा म्हणाला, दोनपासून अडीचशेपर्यंत कुठलाही सांगा, लक्षात राहील असा. मी म्हटलं, चौदा.”

डब्याला मी दिलेला नंबरही चौदाच. चौदा एप्रिल, जयंतीची तारीख. आमच्या गल्लीत स्कूटरपासून मोबाइलपर्यंत जिथं नंबर निवडता येतो तिथं चौदा. दुसरा आकडा कोणाच्या तोंडी येणार? एका नंबराची दोन यंत्रं, हाक मारली की कधी हा ओ द्यायचा, कधी तो.

“खाली एक पिवळा फुगा येतो सारखा,” काका म्हणाले. “इंग्रजीत काहीतरी सांगतो. मी फुली मारतो.”

तो फुगा हेच सांगत होता.

“काका, तुम्ही पंधरा घ्या.”

“तू घे की पंधरा.”

“डबा चळवळीचा आहे.”

“आणि मी काय बिल्डरचा?”

आई मागून जिना चढून आली होती. “भाऊजी, आधी तुमचा बंद करा. फोटो निघू देत, मग भांडा.”

“बंद करतो, वहिनी. नंबर सोडत नाही.”

फोटो निघाले, संध्याकाळपर्यंत स्टुडिओतून छापून आले. सोमवारी साहेबांनी रांगांचे फोटो भराभर उलटले आणि फुटलेल्या पाइपच्या फोटोवर थांबले. हे कुठं आहे, म्हणाले. आईने त्यांना चालवत तिथं नेलं. पुढं तिथं खोदायला माणसं आली.

नंबर मात्र कोणीच बदलला नाही. मिनिटाचं काम. मी तडजोडीवर चार पत्रकं काढलेला माणूस, पण ह्याला तडजोड म्हणायचं की हट्ट, मला अजून ठरवता आलेलं नाही. डबा उघडायचा झाला की आई खिडकीच्या ग्रिलवर उलथनं वाजवायची आणि वरून काकांचा आवाज यायचा, “झोपवला, वहिनी. तुमचा उठवा.”