चिठ्ठीनं लावलेली पराटी

मी चौथी नापास. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी हसायला नको. पण माती मुठीत घेऊन ती किती दिवस ओल धरेल हे मी सांगायचो, आणि कळमेश्वर रोडवरच्या ज्या संशोधनाच्या शेतावर मी मजुरांचा मुकादम होतो, तिथले शिकलेले साहेबही मला विचारूनच ट्रॅक्टर घालायचे. वय झालं तरी हंगाम आला की बोलावणं यायचं. जरीपटक्याहून सकाळची बस धरून मी जायचो.

अशाच एका हंगामात उमरेडची एक पोरगी तिथं आली. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू होतं तिचं. घर विणकराचं, बोलणं आमच्यासारखंच. कोरडवाहू जमिनीत देशी पराटी जास्त कापूस देते की कंपनीचं नवं बियाणं, हे तिला पाहायचं होतं. तिनं शेताचे सोळा तुकडे पाडले, शेजारशेजारच्या दोन-दोन तुकड्यांच्या आठ जोड्या केल्या. मग धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून जेवणाच्या रिकाम्या डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या, एकीवर ‘देशी’, दुसरीवर ‘नवं’, आणि डबा माझ्यापुढं केला.

"काढा काकाजी. जोडीतल्या डाव्या तुकड्यात काय लावाचं, ते चिठ्ठी सांगन. उरलेलं उजव्यात."

"भिशीचा नंबर काढून राहिली का वं?" मी म्हटलं. "मी मेलो का? मले विचार. कुठं माती खोल हाय, कुठं बरड हाय, सगळं ठाऊक हाय मले."

"म्हणूनच तं तुमाले नाही विचारत. तुमाले ठाऊक हाय, चिठ्ठीले नाही."

हे मला झोंबलं. पण डबा घेतला. मी काढायचो, वाचून सांगायचो, ती मान खाली घालून वहीत लिहायची. तिसऱ्या जोडीतला डावा तुकडा बाभळीखालचा होता. सावली, मुळ्या, वरून बरड. चिठ्ठी उघडली तर ‘देशी’. देशी पराटी माझ्या बापानं लावलेली, मी लहानपणापासून वेचलेली. तिला या पोरीच्या डब्यानं बाभळीखाली घालावं? चौथी नापास असलो तरी एवढं वाचता येतं मला. मी म्हटलं, "नवं." आणि चिठ्ठी दुमडून परत डब्यात टाकली. मनाला वाटलं, बेईमानी नाही, न्याय केला.

वेचणी सरली, वजनं झाली. एका दुपारी ती गोदामात आली ती हसतच.

"काकाजी, तुमची देशी पुढं हाय!"

"सांगत तं होतो."

"पण हे नशिबानंच झालं नसन कशावरून? थांबा, दाखवते."

तिनं तोच डबा काढला. म्हणाली, समजा दोन्ही बियाणं सारखीच आहेत. मग जोडीतलं जास्तीचं वजन देशीच्या नावावर गेलं की नव्याच्या, हा नुसता चिठ्ठीचा खेळ. आपण तो खेळ पुन्हा खेळू. आठही जोड्यांसाठी मी चिठ्ठ्या काढल्या, तिनं बेरीज केली. देशी मागं पडली. पुन्हा आठ. थोडी पुढं, पण शेतात होती तेवढी नाही. नुसत्या नशिबानं देशी शेतातल्याइतकी पुढं गेली, तर एका वाटीत एक सरकी टाकायची, असं ठरलं. वीसदा खेळलो. माझं मनगट दुखलं. शेवटी पाहिलं तर वाटीत एकच सरकी. म्हणजे नुसत्या नशिबानं एवढं वीसातून एकदाच होतं.

मी त्या वाटीकडं पाहत राहिलो. आयुष्यभर मी म्हणत आलो, हे असं आहे, माझा शब्द आहे. आणि या पोरीनं नशिबालाच कामाला लावलं होतं! जे झालं नाही, पण होऊ शकलं असतं, ते वीसदा माझ्या पुढ्यात मांडून दाखवलं.

"फक्त एक गोष्ट," ती डब्याचं झाकण लावत म्हणाली. "शेतात खरंच चिठ्ठीनं लावलं असन, तरच याले अर्थ. माणसानं मधात हात घातला की हे वाटी खोटं बोलते."

तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर माझी लबाडी मातीतच दडून राहिली असती आणि देशी जिंकली असती. तिची तीन वर्षांची मेहनत त्या वाटीत होती, आणि माझी इज्जतही.

"तिसरी जोडी," मी म्हटलं. "चिठ्ठीत देशी होतं. मी नवं सांगतलं."

तिनं वही उघडली, तिसरी जोडी शोधली. मग म्हणाली, "काहून काकाजी?"

"बाभळीखाली मरून गेली असती ना ते."

"आन् नवं मेलं तं चालत होतं?"

तिनं वहीतली तिसरी जोडी खोडली आणि उरलेल्या सात जोड्यांचा खेळ पुन्हा वीसदा मांडला. या वेळी वाटीत पाच सरक्या झाल्या.

"म्हणजे हारली का?" मी विचारलं.

"हारली नाही, जिंकली बी नाही. माहीत नाही, एवढंच लिहावं लागन मले."

इतकी शिकलेली पोर, तीन वर्षं राबली, आणि सरळ लिहिणार होती की माहीत नाही. माझ्या तोंडून हा शब्द आजवर निघाला नव्हता, मातीच्या बाबतीत तर नाहीच. तिच्या पीएचडीच्या साहेबांनी आणखी एक हंगाम करायला लावला. तो माझ्यापायी. चूक कोणाची, हे तिनं कोणाला सांगितलं नाही, म्हणून मी इथं लिहून ठेवतो.

पुढच्या टोबणीला, बी लावायच्या वेळी, मला वाटलं, डबा आता दुसऱ्या कोणाच्या हातात देईल. तिनं माझ्याच हातात दिला. तिसरी जोडी आली. बाभूळ तिथंच. मी चिठ्ठी उघडली, दोनदा वाचली.

"देशी," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

तिनं वर पाहिलंही नाही. वहीत लिहिलं आणि म्हणाली, "चौथी."

बाभळीखालची ती पराटी मग मी माझ्या हातानं टोबली.