काट्यांखालचं पाणी

थांबा जरा. 'स्वर्ग' काय लिहिताय फोटोखाली? आणि लोकेशन तर मागूच नका...

तो फोटो कालचा, रविवार सकाळचा. कोयनेच्या बॅकवॉटरला, जांभळीच्या झाडांखाली आमची कॅम्पर व्हॅन. दादानं जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन माधवनगरच्या एका वर्कशॉपात वर्षभर खपून बनवलेली... आत बेड, गॅस, टॉयलेट. पहिलीच ट्रिप.

तिथं काठावरच्या टेंट कॅम्पवर स्वयंपाक करणाऱ्या पारूकाकी कॅम्पमागच्याच घरात राहतात. शनिवारी त्यांनी चहा दिला आणि दादाची खेचली, "घर पाठीवर घिऊन हिंडतोस व्हय रं, गोगलगायीवानी?"

काल फोटो टाकला आणि तासाभरात टॉयलेटची टाकी भरली. उताराला, तळ्याच्या जरा वर, करवंदीच्या काट्यांनी झाकलेला खड्डा होता. कचऱ्याचा असणार असं आम्हाला वाटलं. काटे मी बाजूला केले, टाकी रिकामी करायला पाइप दादानं त्यात सोडला.

थोड्या वेळानं काकी कळशी घेऊन आल्या. खड्ड्यात बघून कळशी खाली ठेवली.

"झिरा हाय त्यो आमचा," हळूच म्हणाल्या.

उन्हाळ्यात तळं मागं हटलं की काठाला खड्डा खणतात. त्यात झिरपून येतं ते पितात... जनावरांनी तोंड घालू नये म्हणून वर काटे.

दादा चाचरत म्हणाला, "काकी, एवढं तळं आहे की समोर..."

"त्यात म्हसरं बसत्यात, लाँचचं डिझेल असतंय. सून बाळंतीण हाय घरात. तिला काय पाजू?"

दादानं गाडीतला बाटल्यांचा बॉक्स दिला, त्यांनी घेतला. मग आम्ही वरच्या अंगाला नवा खड्डा खणायला घेतला. दुपारपर्यंत नुसता तांबडा चिखल...

"नितळायला चार दिस लागत्यात. जावा आता तुमी," काकी म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोटो झूम करा. मागच्या चाकापलीकडं काट्यांचा ढीग दिसेल, तोच. शनिवारचा चहाही त्याच पाण्याचा होता.

मला समजवायला येऊ नका. काकींसाठी पाण्याचे जार व्हॅनमध्ये चढवलेत, दादा हॉर्न वाजवतोय. फोन घरीच ठेवून निघतेय.