गुळाच्या ढेपा आणि बायकोच्या पाटल्या

गूळ करणाऱ्या माणसानं बाजारात जाऊन गूळ विकत घेतला, असं आमच्या अवसरीत एकदाच घडलं, आणि तो माणूस मी होतो.

त्या काळी मंचरच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालत, एकमेकांची बोटं दाबत आणि सौदा ठरे. बाहेरच्याला भाव कळायचाच नाही. पण मी चार बुकं शिकलेलो! मी शोध लावला की भावाकडं बघायचंच नाही. कोण घेतोय आणि किती गाड्या भरतोय, तेवढं बघायचं. आतल्या गोटातला माणूस उगाच घेत नाही.

आतल्या गोटातले म्हणजे माणकचंदशेठ. गुळाचा सगळा व्यापार त्यांच्या पेढीवरून चाले. एका बाजारी बघतो तर शेठ स्वतःच गूळ घेतायत! गाडीभर ढेपा, आणि त्याही दुकानात नाही, थेट घरी! मी धापा टाकत घरी आलो आणि वडिलांना, म्हणजे आबांना, सांगितलं की गूळ कडाडणार. आबांनी तंबाखू मळता मळता मान डोलावली. (शिकलेल्या मुलावर विश्वास ठेवायची त्यांना तेव्हा सवय होती.) भांडवलासाठी बायकोच्या पाटल्या गहाण टाकायचं ठरलं. लग्नात तिच्या आईनं स्वतःच्या हातातल्या काढून दिलेल्या त्या पाटल्या.

तिनं त्या काढल्या, पण मुठीतून सोडवेनात.

"आपुन ऊस लावतो, गुऱ्हाळ घालतो, आन् गूळ इकत आनायचा?"

"तुला बाजारातलं न्हाई कळायचं."

"परत येतील न्हवं?"

मी म्हटलं, जोडीला आणखी दोन घेऊन येतील.

पुढच्या बाजारी मी ढेपा घेतल्या. आणि काय सांगू! दुपारपर्यंत शेठनी माझ्या दुप्पट घेतल्या. ते बघून मी आणखी घेतल्या, मग शेठनी आणखी. माझ्या सांगण्यावरून कळंबचे मेहुणे आले, त्यांच्यामागून त्यांचे सोयरे आले. बाजारात गाड्या मिळेनात. बोटं दाबून दाबून माझा पंजा सुजला. एवढी उलाढाल उगाच होते का, असं मी आबांना रोज विचारत होतो. ओसरी भरली, माळा भरला, शेवटी देवांना सरकवून देवघरातही ढेपा लावल्या.

मग गुऱ्हाळं पेटली. ऊस त्या वर्षी नुसता माजला होता. नवा गूळ बाजारात लोटला आणि जुन्याकडं कुणी ढुंकून बघेना. मी पेढीवर गेलो, तर शेठ गालाला हात लावून बसलेले आणि पाठीमागं ढेपांची भिंत.

"शेठ, तुमी का घेत व्हता एवढा गूळ?"

"पयली गाडी लेकीच्या लग्नातल्या लापशीची," शेठ म्हणाले. (त्या पंगतीला मीही होतो. लापशी दोनदा मागून घेतली होती.) "पन मंग तुमी दिसला. म्हनलं, गूळ करनाराच गूळ घेतोय, म्हंजी उसाला कीड लागली आसंल. आतली बातमी तुमच्याकडंच, भाऊ."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघून घेत होतो आणि सगळा बाजार आम्हा दोघांकडं बघून! घरी आलो तर बायको भाकरी थापत होती. मनगटात नुसती काचेची कांकणं. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाजारात मात्र माझं नाव झालं. मी ज्याला हात लावीन ते बुडणार, याबद्दल कुणाला शंका उरली नाही. यातला फायदा सगळ्यात आधी ओळखला तो बायकोनं. मिरचीच्या हंगामात ती आबांना म्हणाली, "मामंजी, यास्नी मिरची घ्यायला धाडा. चार लोकांदेखत."

मी ऐटीत ढिगापाशी जाऊन उपरण्याखाली हात घातला मात्र, बाजारभर पळापळ! जो तो मिळेल त्या भावानं मिरची विकून मोकळा व्हायला लागला. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला आबा, जुना गूळ पडेल त्या भावानं फुंकून आलेल्या पैशांतून, गुपचूप पोती भरत होते.

पुढं भाव चढला, ती मिरची गेली आणि पाटल्या घरी आल्या. बायकोनं त्या हातात चढवल्या आणि त्या गुळानंतर पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसली. तेव्हापासून घरी पावणे आले की आबा माझ्या पाठीवर हात ठेवून सांगत, "हुशार पोरं काय, घरोघर आसत्यात, राव. पन दर खेपंला न चुकता चुकनारं आमच्याच घरात हाय."