चौथ्या क्रमांकाचा नाद

बेस गिटार म्हणजे काय, असे कोणी विचारले की मी सांगतो: गाणे चालू असताना जे वाद्य लक्षात येत नाही, आणि काढून घेतले की गाण्याचा पाया खचल्यासारखा वाटतो, ते वाद्य. शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे व्याख्येशिवाय माझे पाऊल पुढे पडत नाही.

आम्हा बेसवेड्यांचे एक लहानसे मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी सहकारनगरात एका दंतवैद्य मित्राच्या घरी आम्ही जमतो. ठरलेली एकच धून प्रत्येकाने आपापल्या बेसवर घरी रेकॉर्ड करायची आणि मित्राकडे पाठवायची. तो नावे काढून क्रमांक देतो आणि सगळ्यांचा आवाज एकाच पातळीवर आणतो. हे आवश्यक असते, कारण दोन नादांपैकी जो किंचित मोठा, तोच कानाला अधिक चांगला वाटतो. मग ऐकायचे, मत द्यायचे आणि त्यानंतरच कोणता क्रमांक कोणाचा हे उघड करायचे.

माझ्याकडे पूर्वी एक जुना, जड बेस होता. त्याच्या तारा मी वर्षानुवर्षे बदलल्या नव्हत्या. नाद जाड आणि आखूड; सूर उमटे, टेकवल्यासारखा बसे आणि थांबे. मात्र त्याच्यातून सतत विजेचा एक घुंकार येई. धून एकटीच वाजवली की तो ऐकू येणारच, जसा रिकाम्या वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येतो. मंडळातले एक सदस्य मार्केट यार्डात मिरचीचा व्यापार करतात. ते एकदा म्हणाले, "मास्तर, वाजवण्याआधी गिरणी बंद करत चला की!" सगळे हसले, मीही हसलो. पण ते मनाला लागले. पुढे तो बेस जुन्या वाद्यांच्या एका दुकानात देऊन मी परदेशी बनावटीचा नवा बेस घेतला. त्यात घुंकार अजिबात नाही. त्याच्यात दोष काढायला मला आजही जागा सापडत नाही.

गेल्या वर्षी मंडळात एक तरुणी आली. हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी, राहायला तिकडेच. तिने मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारले, जुना बेस घेतला आहे, घूं असा आवाज येतो, काय करावे? मी क्रमवार उत्तर लिहिले. आतल्या पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा लावावा. पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनाचे विजेत रूपांतर करणारा भाग, नव्या पद्धतीचा बसवावा. मेलेल्या, म्हणजे जुन्या होऊन झणकार गेलेल्या, तारा काढून नव्या घालाव्यात. तिने आभार मानले. घुंकारावरचा उपाय म्हणून त्या उत्तरात चूक नव्हती, हे मी आजही म्हणेन.

मग तो रविवार आला. मिरचीवाल्यांनी हट्ट धरला, "एकट्या बेसचं कौतुक किती दिवस करायचं, डॉक्टर? वरात काढायची आणि घोड्यावर नुसता फेटा ठेवायचा, तसं झालंय हे. मागे ड्रम लावा."

दंतवैद्याने सगळ्या धुनांमागे एकच ताल लावला. तिसरा क्रमांक संपला, चौथा सुरू झाला आणि मी पेन्सिल खाली ठेवली. घुंकार तालाखाली झाकला गेला होता आणि वर उरला होता तो जाड, आखूड, टेकवल्यासारखा बसणारा सूर. ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला तो खालून हात देत होता. सहाव्या क्रमांकाबद्दल मी मोठ्याने म्हणालो, "स्वच्छ आहे, पण गाण्यात सापडत नाही." त्याला मी सर्वांत शेवटी ठेवले.

चौथा पहिला आला. ती तरुणी संकोचून म्हणाली, "सर, चार आणि सहा, दोन्ही माझेच आहेत. बेस एकच. चार तुमच्या सूचनांच्या आधीचा, सहा नंतरचा. फरक दाखवावा म्हणून दोन्ही पाठवले."

"घ्या!" मिरचीवाले म्हणाले. "मास्तरांनी स्वतःचाच पेपर तपासला आणि नापास केला."

हशा ओसरल्यावर मी तिला बेस कुठून घेतला ते विचारले. मी माझा जुना बेस दिला होता, तेच दुकान. तिने फोनवर छायाचित्र दाखवले. बेसच्या पाठीवर माझ्या पट्ट्याच्या बक्कलाने पडलेले ओरखडे तसेच होते.

"जुना पिकअप ठेवला आहे का?" मी विचारले.

"दुरुस्तीवाल्याकडेच राहिला, सर. त्यानं आतली तार उलगडून दुसरीकडे वापरली."

"आणि तारा?"

"टाकल्या. मेलेल्या म्हणाला होतात ना."

चौथ्या क्रमांकाची ती एक धून सोडली, तर तो नाद आता कुठेच नाही. माझी जुनी रेकॉर्डिंगे आहेत, पण घुंकार जावा म्हणून त्या प्रत्येकातून मी नंतर खालची कंपने गाळली होती. विजेच्या घुंकाराची कंपने आणि बेसच्या सर्वांत खालच्या सुरांची कंपने जवळजवळ एकाच घरात राहतात. एकाला बाहेर काढताना दुसराही गेला.

निघताना जिन्यात मी धीर करून तिला म्हणालो, "तुमची हरकत नसेल तर तसाच पिकअप शोधू. तारा काही वर्षांत मुरतील. बेस पूर्ववत करून पाहू. खर्च माझा."

ती म्हणाली, "सर, राग मानू नका, पण मला आता हाच आवडतो. माझा बँड नाही. ऑफिसहून येते आणि हेडफोन लावून एकटीच वाजवते. आधी त्या आवाजानं डोकं दुखायचं."

मागून दंतवैद्य म्हणाला, "पेशंट बरा झाला की डॉक्टरनं हळहळायचं नसतं, मास्तर."

पुढच्या शनिवारी ती बेस घेऊन माझ्या घरी आली. सेटिंग एकदा तपासून द्याल का, असे तिने आधी फोनवर विचारले होते आणि मला नाही म्हणवले नाही. मी तो टेबलावर मऊ कापडावर ठेवला. बेसची मान सरळ होती, तारांची उंची योग्य होती. मानेवरच्या प्रत्येक पट्टीचा सूर मी सूर मोजणाऱ्या यंत्रावर पडताळला; सगळे अचूक होते. अँप्लिफायरचा आवाज पूर्ण वाढवून कान जवळ नेला. काहीही ऐकू आले नाही.

"काही करायचं राहिलंय का, सर?" तिने विचारले.

मी पुन्हा एकदा सगळे पाहिले, सावकाश, एखादा स्क्रू तरी सैल असावा अशा आशेने.

"नाही," मी म्हणालो. "सगळं बरोबर आहे."