चाचांचा समुद्र

मंगरूळपीरला बसस्टँडामागं ज्यांच्याकडं मी दाढी करतो, त्यांना सगळे चाचाच म्हणतात. दाढी करता करता ते समुद्र सांगायचे. "लाट अशी उठते भाऊ," म्हणायचे आणि वस्तरा माझ्या गळ्याशीच थांबवायचे. लाट फुटली की मगच तो पुढं सरकायचा. तोवर बाकावरची माणसंही गप्प असायची.

मागच्या हिवाळ्यात आम्ही गल्लीतले काहीजण गाडी करून कोकणात गेलो, तेव्हा चाचांनाही घेतलं. अभयारण्याला लागून एक निवांत किनारा होता. संध्याकाळी पोचलो तेव्हा पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं. सकाळी पाहतो तर ओहोटीनं ते पार लांब गेलेलं. चाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काहो भाऊ, रातून गेट उघडून पाणी सोडलं काय?"

आमच्याकडं एवढं पाणी धरणातच पाहिलेलं असतं. चाचांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी ते फक्त मला विचारलं होतं. मी मात्र सगळ्यांना हाका मारून मोठ्यानं सांगितलं. सगळे हसले. चाचाही हसले, आणि चपला हातात घेऊन गाडीत जाऊन बसले.

परवा दुकानात एकानं त्यांना समुद्राचं विचारलं. "मले काय मालूम? या भाऊले इचारा."

माझ्या तोंडाला साबण होता, त्यामुळं बोलायचं टळलं. वस्तरा गळ्यावरून सरळ गेला. कुठंच थांबला नाही.