सुनंदा म्हणा

देव नाही, हे मी कॉलेजात असल्यापासून मानत आलो आहे आणि त्याचा मला कधी त्रास झाला नाही. गेल्या वर्षी सुनंदाचं, माझ्या बायकोचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. थिएटरबाहेरच्या बाकावर शेजारी एक अनोळखी बाई डोळे मिटून पुटपुटत बसल्या होत्या. त्यांचा नवराही आत होता. मध्येच त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमचं कोण आहे आत?"

"बायको."

"नाव सांगा त्यांचं. ह्यांच्यासाठी मागतेच आहे, त्यांच्यासाठीही मागते."

माझा विश्वास नाही, असं सांगायला तोंड उघडलं आणि "सुनंदा" म्हणून गेलो. त्यांचे ओठ पुन्हा हलू लागले. मला "सुनीता" ऐकू आलं. मी बेचैन झालो. ऐकणारं कुणी नाहीच, तर एखादं अक्षर चुकल्याने काय बिघडणार होतं? तरी राहवेना.

"सुनीता नाही हो. सुनंदा. सुनंदा म्हणा."

त्या हसल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

सुनंदा बरी झाली. ती डॉक्टरांमुळे, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे. पण संध्याकाळी फिरायला गेलो की मध्येच पाय थांबतात. त्या बाईंच्या नवऱ्याचं पुढे काय झालं, कुणास ठाऊक. त्याच्यासाठी आपणही काही मागावं असं वाटतं. कुणाकडे, ते कळत नाही. आणि त्याचं नाव तर मी विचारलंच नव्हतं.