केबिन आणि हौद्यामधली फट

जुनी गाडी घेताना आमच्याकडं एकच परीक्षा असते. बोटं वळवायची आणि पत्र्यावर टकटक करायचं. धाराशिवला जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या मैदानात अण्णा, म्हणजे माझे वडील, एका पांढऱ्या पिकअपभोवती अशी टकटक करत फिरले. दार, बॉनेट, मागच्या हौद्याच्या बाजू. सगळीकडून भरीव आवाज आला. "पत्रा बघ कसला जाड हाय," ते म्हणाले. मीही वाजवून पाहिलं. सोबतच्या शेजाऱ्यानं वाजवलं. चहा घेऊन आलेल्या माणसानंही किटली खाली ठेवून वाजवलं आणि मान डोलावली. खाली वाकून कुणीच पाहिलं नाही. खालून काळाकुळकुळीत नवा रंग दिलेला होता, आणि जेवढा दिसला तेवढा तो आम्हाला आवडलाच.

आधीच्या मालकानं त्या गाडीतून खत वाहिलं होतं, हे नंतर कळलं. फुटक्या गोणीतलं खत हौद्याच्या सांध्यांतून खाली झिरपतं, ओल धरतं आणि लोखंड खात बसतं. वरचा जाड पत्रा तसाच राहतो. वाजवला की छान वाजतो.

अण्णांचं सगळं आयुष्य बाजारात हमाली करण्यात, दुसऱ्याच्या गाडीत माल चढवण्यात गेलं होतं. एकदा स्वतःच्या गाडीत चढवायचा, एवढीच त्यांची हौस होती. गाडी दारात आली तेव्हा शेजारच्या आळीतल्या एकानं लिंबू-मिरची आणली. अण्णांनी ती प्रेमानं घेतली आणि मिरच्या आईकडं स्वयंपाकाला दिल्या.

गाडी मी चालवायला लागलो. आमच्या तालुक्याला, वाशीच्या बाजाराला कांदे, टोमॅटो, कधी कुणाचं कपाट. थोड्याच दिवसांत माझ्या बाजूच्या दाराची आतली कडी हातात आली. उतरायचं असेल तर काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरून दार ओढायचं. डावीकडचं दार चालत्या गाडीत उघडायचं, म्हणून अण्णांनी ते तारेनं करकचून बांधलं. म्हणजे आत बसणं सोपं होतं, निघणं नव्हतं.

इथं एक सांगितलं पाहिजे. आमच्या घरात पुस्तकं नंतर आली, आधी पत्रकं आली. अण्णा मोर्चाहून, जयंतीच्या सभेहून यायचे ते खिशात घड्या घातलेली गुलाबी-पिवळी पत्रकं घेऊन. आई ती भिंतीला चिकटवायची. मी अक्षरं शाळेत गिरवली, वाचायला मात्र त्या भिंतीवर शिकलो. वाक्य म्हणजे मूठ आवळलेलंच असतं, अशी माझी लहानपणी समजूत होती. अजूनही ती पुरती गेलेली नाही. कॉलेजात असताना मीही एक पत्रक लिहिलं. शेतमजूर बायांना पिकअपच्या हौद्यात कोंबून नेतात, त्याच्याविरुद्ध. 'माणूस म्हणजे माल नाही' असा मथळा होता. वाशीच्या स्टँडवर वाटलं, वस्तीत घरोघर दिलं, आणि आईनं एक भिंतीला चिकटवलं. त्यातला एक शब्दही मी आज मागं घेत नाही.

सोयाबीन काढणीला आलं आणि एका संध्याकाळी आत्या दारात उभ्या राहिल्या. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, पण वस्तीत सगळे त्यांना आत्याच म्हणतात. बायांची टोळी त्या चालवतात. कुणाचं रान काढायचं गुत्तं, म्हणजे उक्तं काम, घ्यायचं, कुणाचं नाही, हे त्या ठरवतात.

"आमची गाडी यायची बंद झाली," आत्या म्हणाल्या. "तू सोडतो का रानात?"

"आत्या, ही मालाची गाडी आहे. माणसं बसवायची नाहीत हौद्यात. मी लिहिलंय त्याच्यावर."

"माहीत हाय की. लेकीकडनं वाचून घेतलं व्हतं म्या. लई झ्याक लिव्हलंय. डोळ्यात पाणी आलं." त्यांनी पदर खांद्यावर नीट केला. "मग सकाळी कधी काढतो गाडी?"

मी एसटीचं नाव काढलं. त्या रानाकडं एसटी जात नाही. रिक्षाचं काढलं. रिक्षा त्या चिखलात शिरत नाही. बाया चालत निघाल्या तर पोचेपर्यंत ऊन माथ्यावर येतं, आणि वाळलेलं सोयाबीन उन्हात तडकतं. शेंगा फुटून दाणे मातीत गेले की गुत्तंही गेलं. रानमालक दुसरी टोळी बोलावतो. माझ्याकडं शेवटी एकच मुद्दा उरला होता, आणि तो भिंतीवर चिकटवलेला होता.

मी अटी घातल्या. उभं राहायचं नाही. कडेवर बसायचं नाही. गाडी मी हळूच चालवणार.

"बाप्पा! हळू म्हंजी किती हळू?" आत्यांमागं उभ्या असलेल्या एकीनं विचारलं. "संध्याकाळला पोचू का?"

सोयाबीनचे दिवस असे सुरू झाले. आत्या केबिनला पाठ टेकून बसत, बाकीच्या त्यांच्यापुढं दाटीवाटीनं, मांडीवर विळे आणि भाकरीची फडकी घेऊन. आरशात मला त्या दिसायच्या आणि मी नजर रस्त्यावर आणायचो. माझंच पत्रक रोज माझ्या पाठीमागं बसून रानात जात होतं.

फटीकडं माझं लक्ष त्याच दिवसांत गेलं. पिकअपचं केबिन वेगळं आणि हौदा वेगळा. दोघांच्या मधे थोडी जागा असते. आमच्या गाडीत, रिकामी असताना, तिथं मूठ जायची. बाया बसल्या की वरच्या बाजूला बोटंही जेमतेम जायची. मला वाटलं, जुनी गाडी आहे, हलत असेल. अण्णांना विचारलं तर त्यांनी बाजूचा पत्रा वाजवून दाखवला.

मग ओढ्याजवळचा तो खड्डा. चाक आत गेलं, गाडी उसळली आणि मागून टपावर धपाधप हात पडू लागले. गाडी थांबवायची ही आमच्याकडची खूण. मी ब्रेक दाबला आणि वळून मागच्या काचेतून पाहिलं. उसळताना फट मोठी झाली होती, आत्यांचा पदर तिच्यात पडला होता, आणि गाडी खाली बसताच फट मिटली होती. पदर आत अडकला होता.

आत्या आधी हसल्या. "आगं, धरलं की मला गाडीनं!" बायाही हसल्या. पण पदराचा पीळ गळ्यापाशी आला होता. त्यांनी मान वळवली तसा तो आणखी आवळला.

मी उतरायला काच खाली करू लागलो. हँडल नुसतंच फिरलं. काच दारात कुठंतरी अडकून बसली होती. डावं दार तारेनं बांधलेलं. आत्यांचा चेहरा काचेच्या पलीकडं, माझा अलीकडं, मधे एक हातही अंतर नव्हतं. मी ओरडत होतो, "सगळ्या खाली उतरा! गाडी रिकामी करा!" आणि इंजिनाच्या घरघरीत त्यांना एक अक्षर कळत नव्हतं.

"ह्यो आतून भाषण करतोय," एकजण म्हणाली. हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. "आधी कुणाला सोडवायचं? ह्याला का आत्याला?"

मग आत्यांच्या तोंडातून शब्द निघेना झाला आणि हसणं थांबलं. मी इंजिन बंद केलं. ओरडणं ऐकू गेलं. बाया भराभर उड्या टाकून उतरल्या. वजन कमी झालं तशी फट हळूच उघडली आणि पदर सुटला. एकीनं विळ्याची मूठ धरूनच येऊन माझं दार उघडलं.

मी थेट गाडीखाली गेलो. ज्याच्यावर केबिन आणि हौदा दोन्ही बसतात ते लांब लोखंड, चासी, तिथं काळ्या रंगाचे पोपडे सुटले होते. त्याखाली गंज, आणि गंजात आरपार चीर. वरून भार आला की चासी तिथं खाली दबत होती, आणि वरची फट मिटत होती.

रिकामी गाडी मी वाशीला वेल्डिंगच्या दुकानात नेली. वेल्डर खाली सरकला, बाहेर आला, हात पुसले. "पट्टी मारतो. वरून काळा रंग. कुणाला दिसायचं न्हाय."

"मोडणार नाही ना?"

"आता ते कसं सांगू, भाऊ?" आणि त्यानं दारावर टकटक केली. "पण पत्रा बघा राव. असला पत्रा आता येत न्हाय."

घरी अण्णा म्हणाले, "पट्टी मारून इकून टाकू." मी म्हणालो, "आणि घेणारा काय भरेल तिच्यात?" ते उठले. गाडीपाशी गेले आणि बोटं वळवून हात पत्र्यापर्यंत नेला. वाजवलं मात्र नाही. विकायची नाही, चालवायची नाही, भंगारात घालायला त्यांचं मन होत नाही. गाडी दारातच उभी राहिली.

आत्या संध्याकाळी आल्या. गळ्यावर लाल वळ होता. "पट्टी मार अन् आण. अजून अर्धं रान हुबं हाय."

"नाही, आत्या. तुम्हाला घेऊन मी ही गाडी काढणार नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी दुसऱ्या गावची पिकअप वस्तीत आली. हौद्यात आधीच दुसऱ्या टोळीच्या बाया उभ्या होत्या, दांडीला धरून. मी चालकाला म्हणालो, "खालून एकदा बघू दे."

"तू कोण? आरटीओ?"

"बघू दे त्याला," आत्या म्हणाल्या. "तवर आमी चढत न्हाय."

मी पाठीवर सरकत खाली गेलो. मोबाइलचा उजेड लावला. काळा रंग, नवा, सगळीकडं सारखा. नखानं खरवडला, तर नख काळं झालं. त्याच्याखाली काय आहे ते कळायला काही मार्ग नव्हता. वर बायांचे पाय हलत होते, पत्रा वाजत होता, चालक हॉर्न देत होता.

बाहेर आलो तेव्हा आत्या माझ्याकडं बघत होत्या.

"काळा रंग मारलाय," मी म्हणालो.

त्यांनी रानाच्या दिशेला पाहिलं. ऊन वर येत होतं. मग पदर गळ्याभोवतून काढला, कमरेला करकचून खोचला, ओढून पाहिला, आणि हात वर केला. हौद्यातल्या बायांनी त्यांना आत ओढून घेतलं.